झाडाची उंची सांगावी, पत्ता नको

कॅलिफोर्नियाच्या रेडवुड नॅशनल पार्कमध्ये जगातले सर्वांत उंच ज्ञात झाड आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ख्रिस ॲटकिन्स आणि मायकेल टेलर या दोन हौशी निसर्गप्रेमींना ते जंगल तुडवताना सापडले. त्याचे नाव 'हायपेरियन'. नंतर स्टीफन सिलेट या शास्त्रज्ञाने शेंड्यापर्यंत चढून वरून टेप सोडली. उंची भरली ११५.५५ मीटर, म्हणजे जवळपास अडतीस मजले.

प्रत्येक झाडावर असे चढता येत नाही, म्हणून जमिनीवरून मोजतात. शाळेतली रीत अशी: बुंध्यापासून ठरावीक अंतरावर उभे राहायचे, शेंड्याचा कोन घ्यायचा आणि गणित करायचे. यात शेंडा बुंध्याच्या बरोबर वर आहे असे गृहीत धरलेले असते आणि फसगत तिथेच होते. समजा, मोजणारा ५० मीटरवर उभा आहे आणि कोन ४५ अंशांचा आला. डोळ्यांच्या पातळीच्या वरची उंची ५० मीटर निघेल. पण ज्याला शेंडा समजले ते टोक त्याच्याकडे १० मीटर झुकलेले असेल, तर खरी उंची ४० मीटरच! लेझर यंत्राने डोळ्यापासून टोकापर्यंतचे थेट तिरपे अंतर मोजले की ही चूक टळते. गणित मग त्या अंतराचे आणि कोनाच्या 'साइन'चे.

ही निव्वळ विक्रमांची हौस नव्हे. झाडाला हृदय नसते. पानांतून बाष्प उडते आणि त्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. झाड जितके उंच तितका ताण जास्त आणि स्तंभात बुडबुडा होऊन तो तुटण्याचा धोकाही जास्त. रक्तवाहिनीत हवा शिरली की डॉक्टरांची धावपळ होते, तसेच काहीसे हे. शेंड्याजवळची पाने म्हणूनच लहान आणि जाड असतात. सिलेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये झाडाच्या उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटर असावी, असा अंदाज मांडला. तो अंदाज पारखायचा तर मोजमापे नेमकी हवीत, आणि ती मिळवण्यात हौशी भटक्यांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न आहे तो पत्त्याचा. हायपेरियनची जागा सुरुवातीला गुप्त होती. ती फुटली आणि लोकांची रीघ लागली. तिथे पायवाट नाही. लोकांनी झाडोरा तुडवत वाटा पाडल्या. रेडवुडची मुळे खोल जात नाहीत, त्यामुळे बुंध्याजवळची माती दाबली जाणे त्यांना घातक. नेचे नाहीसे झाले, कचरा आणि मलमूत्र साचले. अखेर २०२२ मध्ये तो भाग बंद करण्यात आला. आता तिथे शिरणाऱ्याला ५ हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

विज्ञानाला उंची, मोजण्याची पद्धत आणि तारीख लागते. नेमकी जागा संशोधक आणि वनखात्यापुरती ठेवली तर कुणाचे काही बिघडत नाही. ती जाहीर करण्यात ज्ञानापेक्षा मिरवण्याचा भाग अधिक. गंमत म्हणजे हायपेरियनच्या पायथ्याशी उभे राहून त्याचा शेंडा दिसतच नाही, आणि बुंध्याच्या घेरात तर त्याच उद्यानातली कितीतरी रेडवुड झाडे त्याच्यापेक्षा भारी आहेत. ती आखलेल्या वाटेवरूनही पाहता येतात.