घोट्याच्या गुंतागुंतीच्या अस्थिभंगाबाबत नागरिकांना आवाहन

घोट्याचा सांधा तीन हाडांनी बनतो. नडगीचे हाड आणि त्याच्या बाजूचे बारीक हाड यांच्या खोबणीत टॅलस नावाचे हाड घट्ट बसलेले असते. घोट्याची आतली व बाहेरची टोके आणि नडगीच्या हाडाची मागची कड अशा तिन्ही जागी हाड मोडले, सांधा निखळला किंवा नडगीच्या खालच्या टोकाचा चुरा झाला, तर तो अस्थिभंग गुंतागुंतीचा मानला जातो. दुचाकी घसरणे, जिन्यावर पाय चुकणे, उंचावरून पडणे ही त्याची नेहमीची कारणे.

या सांध्यात थोडीशी चूकही महागात पडते. रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टॅलस अवघे १ मिलिमीटर बाहेर सरकवल्यावर सांध्यातील हाडांचा परस्परस्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटला. उरलेल्या जागेवर शरीराचा सारा भार आला की कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. म्हणून हाड नुसते जुळणे पुरेसे नाही, ते मूळ जागी जुळावे लागते.

दुखावलेला घोटा चोळणे, ओढून ‘बसवणे’ किंवा कामट्या लावून करकचून आवळणे हे प्रकार नागरिकांनी पूर्णपणे थांबवावेत. आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून थांबू नये, एक्स-रे काढावा. पाय वाकडा दिसत असेल, बोटे गार वा बधिर पडली असतील किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर एक तासही दवडू नये. जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे, पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात सांधा तातडीने जागेवर आणला जातो, पण धातूची पट्टी व स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया अनेकदा एक-दोन आठवडे लांबते. नातेवाइकांना ही टाळाटाळ वाटते, ती तशी नसते. सुजलेल्या, फोड आलेल्या त्वचेवर चीर दिली तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो. सूज उतरून त्वचेवर सुरकुत्या दिसेपर्यंत पाय उंच ठेवावा लागतो. चुरा मोठा असल्यास तोवर बाहेरून सळ्यांची चौकट लावतात.

पुढचे यश बरेचसे घरी ठरते. बहुधा सहा आठवडे, काहींना त्याहून जास्त काळ, पायावर वजन देता येत नाही. मधुमेह्यांमध्ये ही मुदत बऱ्याचदा दुप्पट असते, कारण बधिर पायाला वेदनेचा इशारा मिळत नाही. तंबाखू आणि बिडी-सिगारेट हाड जुळणे लांबवतात, त्या बंदच कराव्यात. उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेक दाबण्याची गती सुमारे ९ आठवड्यांनी पूर्ववत होते, त्याआधी चारचाकी चालवू नये. सूज वर्षभरही राहू शकते, सुधारणा त्यानंतरही चालू असते. नडगीच्या मागच्या कडेचा अस्थिभंग असलेल्यांना मात्र थोडा ताठरपणा कायम राहण्याची शक्यता अधिक असते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडू नये. जखमेतून स्राव, वाढता ताप, पोटरीत नवी वेदना व सूज दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि दम लागल्यास थेट १०८ वर संपर्क साधावा.