पट्टी काढून बघा

परवा संध्याकाळी कोलशेत रोडवर एक पोरगा मोटारसायकल ढकलत चालला होता. शंभर सीसीची गाडी, पाठीवर डिलिव्हरीची भली मोठी बॅग. पेट्रोल संपलं असेल म्हणून थांबलो. टाकी अर्धी भरलेली! किक मात्र खाली जाईना. गॅरेजमध्ये खालचा बोल्ट उघडला तर जेमतेम कपभर काळं ऑइल आलं आणि त्यात धातूची चमचम. पिस्टनने सिलिंडर धरला होता. "दादा, दोनच महिन्यांपूर्वी ऑइल बदललंय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खोटं नव्हतं ते. बदललं होतं, पण नंतर बघितलं नव्हतं. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, आणि गाडी बंद म्हणजे कमाई बंद.

फोर-स्ट्रोकला ऑइल लागत नाही, हे खूळ आपल्या डोक्यात कुणी भरवलं? चेतकच्या जमान्यात पेट्रोल भरताना मापाने ऑइलही घालावं लागायचं. ते पेट्रोलबरोबर जळून जायचं, त्यामुळे आठवण ठेवणं भागच होतं. मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' म्हणत. जाहिरात होती मायलेजची, म्हणजे पेट्रोलची. आपण मात्र ऑइलसकट सगळंच विसरलो.

आत काय चालतं ते एकदा ऐका. इंजिनाच्या तळाशी साधारण लिटरभर, कधी त्याहूनही कमी ऑइल असतं. छोटा पंप ते जाळीतून ओढतो, क्रँककडे आणि वर हेडमधल्या कॅमपर्यंत पोचवतो. फिरणाऱ्या क्रँकवरून उडालेले शिंतोडे सिलिंडरच्या भिंतीला आणि पिस्टनला भिजवतात, आणि मग सगळं ओघळून परत तळाला. मोटारसायकलमध्ये क्लच आणि गिअरही त्याच ऑइलात न्हातात. (म्हणून कारचं उरलेलं ऑइल ओतू नका, क्लच घसरायला लागतो.) दुकानदार पावसाळ्यात फुटपाथवर लावतात त्या छोट्या जनरेटरांपैकी पुष्कळांत तर पंपही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा पळीसारखा तुकडा ऑइलात आपटतो आणि ते उडवतो, बस्स. पातळी खाली गेली की पळी हवेतच फिरते.

आता हे ऑइल कमी होतं. रिंगांमधून थोडं वर जातं, व्हॉल्व्हच्या सीलमधून थोडं झिरपतं, जळतं. लिटरातलं पाव लिटर गेलं तर उरलेल्याला जास्त चकरा माराव्या लागतात, ते जास्त तापतं. कारला निदान लाल दिवा तरी असतो. आपल्या बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना तोही नाही. त्यात कापूरबावडीचा ट्रॅफिक. गाडी जागची हलत नाही, म्हणजे वारा नाही, किलोमीटरचा काटा झोपलेला, आणि इंजिन मात्र धगधगतंय. किलोमीटर मोजून ऑइल बदलणाऱ्यांनी या तासांचा हिशोब कुठे लावायचा?

आमच्या कट्ट्यावर मात्र वाद कसला, तर सिंथेटिक चांगलं की साधं! तासन् तास. त्यातल्या एकाने तरी या महिन्यात पट्टी काढून बघितली असेल तर शपथ. ऑइल काळं झालं म्हणून घाबरणारेही आहेतच. अहो, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगाने घाबरता आणि पातळी बघत नाही?

बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून कुणी बघायला सांगतही नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, ऑइल खाली उतरू द्या. पट्टी पुसून पुन्हा घाला. बऱ्याच गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, पुस्तिकेत बघून घ्या. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं पाहिजे.

त्या पोराला हे सगळं ऐकवून, वर थोडा रागावूनही घरी आलो. बिल्डिंगखाली माझी स्वतःची गाडी स्टँडवर घेतली, पट्टी काढली. टोकाला एक थेंब लागला होता, खालच्या खुणेच्याही खाली.