विश्लेषण : मायदेशी खेळू नये म्हणून मोबदला! डायना टॉरासीची परदेशातील कारकीर्द काय सांगते?

अमेरिकेची बास्केटबॉलपटू डायना टॉरासी हिने वयाच्या ४२व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. महिलांच्या ‘डब्ल्यूएनबीए’ लीगमध्ये सर्वाधिक १०,६४६ गुण, तीन विजेतेपदे आणि ऑलिम्पिकची सहा सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत. मात्र तिने खरा पैसा कमावला तो रशियात. एका वर्षी तर तेथील क्लबने तिला मायदेशी न खेळण्यासाठी पैसे मोजले. ही वेळ का आली आणि त्याची किंमत कोणी चुकवली, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

परदेशात का जावे लागले?

कनेक्टिकट विद्यापीठाला सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणाऱ्या टॉरासीला २००४ मध्ये फिनिक्स मर्क्युरी संघाने नव्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवडले. देशातील या सर्वोत्तम नवोदित खेळाडूचे पहिल्या हंगामाचे वेतन होते सुमारे ४० हजार डॉलर. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात असतो, तर युरोपातील लीग ऑक्टोबर ते एप्रिल-मे या काळात चालतात. त्यामुळे दोन्हीकडे खेळणे शक्य होते आणि परदेशी क्लब कित्येक पटींनी अधिक पैसे देत होते.

पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये ‘एनबीए’त जागा न मिळालेले अमेरिकी खेळाडू बहुधा परदेशाची वाट धरतात. महिलांमध्ये नेमके उलटे होते. जी जितकी मोठी खेळाडू, तितकी तिला परदेशातून अधिक मागणी. टॉरासी आधी डायनॅमो मॉस्को आणि मग मॉस्कोजवळच्या स्पार्टाक संघाकडून खेळली. स्पार्टाकने २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे युरोलीग जिंकली. पुढे तुर्कस्तानातील दोन क्लबनंतर ती २०१२ मध्ये एकातेरिनबर्गच्या ‘यूएमएमसी’ संघात गेली आणि तेथे आणखी दोन युरोलीग विजेतेपदांची मानकरी ठरली.

रशियन क्लबकडे इतका पैसा कुठून आला?

हा पैसा तिकीटविक्रीचा किंवा प्रक्षेपण हक्कांचा नव्हता. तो धनाढ्य मालकांच्या खिशातला होता. स्पार्टाकचे मालक शब्ताई फॉन कल्मानोविच यांना ‘केजीबी’साठी हेरगिरी केल्याबद्दल १९८८ मध्ये इस्रायलमध्ये शिक्षा झाली होती. सुटकेनंतर ते रशियात उद्योजक म्हणून स्थिरावले. टॉरासी आणि तिची सहकारी स्यू बर्ड यांना त्यांनी राहायला आलिशान बंगला दिला आणि त्यांचे लाड पुरवले. नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत भररस्त्यात, मोटारीत असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. एकातेरिनबर्गचा संघ उरल भागातील एका बलाढ्य खाण व धातू कंपनीच्या पैशावर उभा होता.

थोडक्यात, हा राजाश्रय होता. नफा-तोट्याचे गणित त्यामागे नव्हते. मालकाची हौस आणि शहराची प्रतिष्ठा यांवर खेळाडूची किंमत ठरत होती. राजाश्रय उदार असतो, पण आश्रयदात्याचे दिवस फिरले की तो संपतो.

२०१५ मध्ये काय घडले?

फिनिक्सने २०१४ मध्ये डब्ल्यूएनबीएचे विजेतेपद पटकावले. त्यानंतर टॉरासीने २०१५ चा हंगाम न खेळण्याचा निर्णय जाहीर केला. दहा वर्षे ती जवळपास बारा महिने खेळत होती आणि शरीर थकले होते. रशियात तिला हंगामाचे सुमारे १५ लाख डॉलर मिळत असल्याचे वृत्त होते, तर डब्ल्यूएनबीएतील वेतन होते सुमारे १ लाख ७ हजार डॉलर. तिने उन्हाळ्यात विश्रांती घ्यावी म्हणून रशियन क्लबने तिला या वेतनाहून अधिक रक्कम देऊ केली. त्याच सुमारास एनबीएतील नवोदित पुरुष खेळाडूचे किमान वेतन सव्वापाच लाख डॉलर होते.

तिच्यावर लीगशी बेइमानी केल्याचा आरोप झाला. पण दोनपैकी एक नोकरी सोडायची असेल, तर कोणताही शहाणा माणूस कमी पगाराचीच सोडेल. खरा प्रश्न टॉरासीच्या निष्ठेचा नव्हताच. जगातील सर्वोत्तम लीगमधील खेळाडूंना तिथले वेतन दुय्यम का वाटावे, हा होता.

परदेशी खेळण्यातील धोके कोणते?

डिसेंबर २०१० मध्ये तुर्कस्तानात टॉरासीच्या चाचणीत ‘मोडाफिनिल’ हे प्रतिबंधित द्रव्य आढळल्याचे सांगण्यात आले. फेनरबाचे क्लबने करार संपवला. फेब्रुवारी २०११ मध्ये अंकारातील प्रयोगशाळेने आपला निष्कर्ष मागे घेतला आणि ती निर्दोष ठरली, पण तोवर हंगाम हातचा गेला होता.

एप्रिल २०१९ मध्ये ब्रियाना स्ट्युअर्ट रशियाच्या डायनॅमो कुर्स्ककडून हंगेरीत युरोलीगचा अंतिम सामना खेळत असताना तिच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. आदल्या वर्षीची डब्ल्यूएनबीएची ही सर्वोत्कृष्ट खेळाडू त्या वर्षी लीगमध्ये एकही सामना खेळू शकली नाही.

सर्वांत मोठा आघात ब्रिटनी ग्रायनरच्या वाट्याला आला. टॉरासीची फिनिक्समधील आणि काही काळ एकातेरिनबर्गमधीलही ही सहकारी. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या आणि तिला अटक झाली. काही दिवसांतच युक्रेन युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये तिला नऊ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. अखेर डिसेंबरमध्ये शस्त्रास्त्र व्यापारी व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिची सुटका झाली.

डब्ल्यूएनबीएची भूमिका योग्य होती का?

लीगची बाजू अशी की, उत्पन्नच तुटपुंजे असताना वेतन वाढवणार कसे? त्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. खेळाडू हिवाळ्यात परदेशातून घरखर्च भागवतात, हे ठाऊक असल्यामुळेच लीगला वर्षानुवर्षे कमी वेतनावर निभावता आले. म्हणजे रशियन उद्योगपती डब्ल्यूएनबीएला एक प्रकारे न मागता अनुदान देत होते. त्याचे व्याज मात्र खेळाडूंनी आपल्या गुडघ्या-घोट्यांनी फेडले आणि ग्रायनरने तुरुंगवासाने.

२०२० च्या करारात कमाल मूळ वेतन सुमारे १ लाख १७ हजारांवरून २ लाख १५ हजार डॉलरवर गेले. सोबत अटही आली. दोनपेक्षा अधिक वर्षे लीगमध्ये खेळलेली खेळाडू परदेशातून वेळेत परतली नाही, तर २०२३ पासून दंड आणि २०२४ पासून संपूर्ण हंगामासाठी निलंबन. आघाडीच्या खेळाडूंना परदेशात याहून कितीतरी अधिक मिळत असताना घातलेली ही अट म्हणजे दुसरे दार बंद करून पहिल्या दाराची किंमत वाढवण्याचा प्रकार होता. रशियाचा रस्ता प्रत्यक्षात बंद केला तो युद्धाने. तो वेतनवाढीने बंद व्हायला हवा होता.

आता चित्र बदलेल का?

बदलाची चिन्हे आहेत. ब्रियाना स्ट्युअर्ट आणि नफिसा कॉलियर यांनी स्थापलेली ‘अनरायव्हल्ड’ ही लीग जानेवारी २०२५ मध्ये मायामीजवळ सुरू झाली. सरासरी वेतन दोन लाख डॉलरहून अधिक असल्याने हिवाळ्यात मायदेशीच कमावण्याची सोय झाली. डब्ल्यूएनबीएच्या प्रक्षेपण हक्कांचा ११ वर्षांचा नवा करार २०२६ पासून लागू होत असून त्यातून वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर मिळणे अपेक्षित आहे. खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या वेतन करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, तो याच बळावर.

म्हणजे राजाश्रयाची जागा आता लोकाश्रय घेत आहे. प्रेक्षक आहेत, पैसाही येतो आहे. त्यातला रास्त वाटा खेळाडूंपर्यंत पोहोचतो का, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तो पोहोचला नाही, तर रशियाऐवजी दुसरा कोणी धनाढ्य देश पुढे येईल आणि पुढच्या टॉरासीलाही पुन्हा तोच निर्णय घ्यावा लागेल.