चेन लागली का?

मालवणला मी रीतसर डायव्हिंग शिकलो. सर्टिफिकेटही मिळालं. त्यामुळे पाण्याखालचं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. मार्चमध्ये थोरल्या आपाकडे इंग्लंडला, लेस्टरला गेलो आणि तो समज पार धुऊन निघाला.

भाच्याला डायव्हिंगचा नाद. तो मला जवळच्या स्टोनी कोव्हला घेऊन गेला. ही पूर्वीची ग्रॅनाइटची खाण. काम बंद झाल्यावर ती पाण्याने भरली आणि आता तिथे लोक डायव्हिंग शिकायला येतात. त्या दिवशी पाणी होतं 6 अंश!

आपल्याकडच्या कोमट पाण्यात वेटसूट पुरतो. त्यात पाणी शिरतंच, पण ते अंगाच्या उबेने तापतं. थंड पाण्यात हे चालत नाही, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ऊब ओढून घेतं. तिथे ड्रायसूट लागतो. गळ्याला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या, पायाला जोडलेले मोजे किंवा बूट आणि आत जाड उबदार कपडे. पाणी आत येतच नाही.

जुन्या पद्धतीच्या सुटाची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत असते. ती लावायला दुसरा माणूस लागतोच. मला मिळालेला सूट नव्या धर्तीचा होता. त्याची चेन छातीवरून तिरपी कमरेपर्यंत उतरते आणि धातूऐवजी हलक्या प्लास्टिकची असते. पोटाकडचं कापड जास्तीचं असतं, ते दुमडून पट्ट्याने बांधायचं. सगळं आपलं आपण करता येतं.

मी मनगटांना पावडर लावून हात घातले, डोकं गळ्यातून कसंबसं बाहेर काढलं, चेन ओढली, वरची संरक्षक चेनही लावली. मोठ्या ऐटीत उभा राहिलो.

"मामू, चेन लागली का?"

"लागली की."

"बघू द्या."

मला थोडा रागच आला. या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं! त्याने काही न बोलता वरची चेन उघडली. आतली चेन शेवटच्या टोकाला बोटभर उघडी होती. वरची लावल्यामुळे ती झाकली गेली होती. तसाच उतरलो असतो तर बर्फासारखं पाणी छातीवर आलं असतं. जाड कपडे भिजले की ऊब संपली, आणि घाबरलेला माणूस पाण्याखाली चुकाच करतो.

मग प्रशिक्षकाबरोबर 6 मीटरपर्यंत उतरलो. खाली जाताना दाब वाढतो, सूट अंगाला आवळतो. छातीवरचं बटण दाबून सिलिंडरची थोडी हवा आत सोडायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या झडपेतून बाहेर काढायची. मी हवा जरा जास्त सोडली. ती पायांकडे गेली आणि माझे पाय वर, डोकं खाली! प्रशिक्षकाने शिकवल्याप्रमाणे गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारली, तेव्हा कुठे सरळ झालो.

वर आल्यावर सूट उतरवला. आतला शर्ट कोरडा होता. आपाने थर्मासमधला चहा दिला, तो हातात धरून मी भाच्याकडे बघितलं. तो आपली चेन आपण लावून माझ्यासमोर उभा होता.

"मामू, बघा ना जरा."

दहा वर्षं हेच करणारा तो पोरगा! मी त्याची चेन टोकापर्यंत बोटाने चाचपली. घट्ट होती.

आता घरी गॅस बंद केला तरी बायकोला म्हणतो, "एकदा बघ गं." ती हसते, पण बघते.