बाळ कुठे ठेवायचं?

या आठवड्यात एका हळदीकुंकवात एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दहावीतली ती पोर? लग्न झालं, आता बाळही झालं. तिला कसली शाळा?" जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या आणि माझं डोकं तापलं. मुलींची शाळागळती हा या सदराचा नेहमीचा विषय, त्यामुळे मी काही गप्प बसणार नव्हते.

मी त्यांना कॅथरीन फर्ग्युसन अकादमीबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातली ही सरकारी शाळा खास गरोदर आणि लेकुरवाळ्या विद्यार्थिनींसाठी होती. आया वर्गात आणि बाळं त्याच इमारतीतल्या पाळणाघरात. आवारात मुली शेती करत, शेळ्या पाळत. 2011 मध्ये शाळा बंद होणार असं कळल्यावर मुलींनी तिथेच ठिय्या दिला. पोलिसांनी काहींना पकडून नेलं, पण त्या वर्षी शाळा वाचली. पुढे व्यवस्थापन बदललं आणि 2014 मध्ये ती बंद झाली.

"तिकडचं वेगळं असतं हो," बाई म्हणाल्या.

काय वेगळं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. बालविवाह थांबवायलाच हवेत. पण जिचं लग्न आपण थांबवू शकलो नाही, तिची शाळाही सोडवायची, ही तिला दुहेरी शिक्षा झाली. तिच्या बाळाच्या बापाला मात्र शिक्षण किंवा काम सोड असं कुणी सांगत नाही.

अशा मुलीला शिकायची इच्छा नसते, हेही मला पटत नाही. तिची अडचण साधी आहे: बाळ कुठे ठेवायचं? सासू ऊसतोडीला, आई दुसऱ्या गावी. नोकरदार बाईची ही अडचण आपल्या कायद्याला कळली. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. शाळकरी आईचा विचार मात्र त्यात केलेला नाही.

गावोगावी अंगणवाडी आहे, पण तिथे मूल बसायला लागतं ते तिसऱ्या वर्षापासून. माध्यमिक शाळेत एक खोली आणि एक सांभाळणारी ताई आत्ताच मिळायला हवी. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत थांबलो, तर आईची दहावी कायमची राहून जाते.