न मिळालेल्या परवान्याचा भाव

व्हेनेझुएलाच्या बोलिव्हार राज्यात, इमाताका राखीव जंगलात लास क्रिस्टिनास नावाची सोन्याची खाण आहे. खाण म्हणायची ती आपली म्हणण्यापुरती. टोरंटोच्या क्रिस्टॅलेक्स कंपनीने २००२ साली तिचा करार तिथल्या सरकारी महामंडळाशी केला, पण तिथून गुंजभर सोनेही काढले नाही. सोने होते, सुमारे १.७ कोटी औंस. गुंतवणूकदार होते, यंत्रांच्या ऑर्डरी होत्या. नव्हता तो पर्यावरण खात्याचा परवाना.

तो आज येईल, उद्या येईल, या आशेवर शेअर वरखाली होत राहिला. मे २००७ मध्ये खात्याने कळवले की अनामत भरा, शुल्क भरा आणि परवाना घेऊन जा. सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवलेल्या कोणालाही वाटेल, की एकदा पैसे भरून घेतले म्हणजे काम झालेच. कंपनीलाही तसेच वाटले. तिने पैसे भरले. एप्रिल २००८ मध्ये नकार आला. कारणे दिली होती जंगल, आदिवासी आणि जागतिक तापमानवाढ! तेल विकून संसार चालवणाऱ्या सरकारला तापमानवाढ आठवावी ती नेमकी सोन्याच्या फायलीत.

जंगलाची काळजी मुळात खोटी होती असे मात्र नाही. खुल्या खाणीने इमाताकाचे भले नक्कीच झाले नसते. पण त्याच सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘ओरिनोको खाणपट्टा’ जाहीर केला. सुमारे १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा. लास क्रिस्टिनासच्या परिसरात एव्हाना सशस्त्र टोळ्यांच्या धाकाखाली पारा वापरून सोने काढणारे पसरले होते. त्यांच्याकडे परवाना मागायला कोणी फिरकले नाही.

खाणपट्ट्याच्या घोषणेनंतर दोनच महिन्यांत, एप्रिल २०१६ मध्ये, नकाराविरुद्ध कंपनीने जिथे दाद मागितली होती त्या आंतरराष्ट्रीय लवादाने तिला सुमारे १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज देण्याचा निवाडा दिला. रकमेचा हिशेब करताना नकारापूर्वीच्या शेअरच्या भावाचाही आधार घेतला गेला. म्हणजे परवाना येणारच, या समजुतीला बाजाराने जी किंमत दिली होती, तिच्यावर लवादाने शिक्का मारला. खाण न काढता एवढी कमाई खाण काढूनही झाली असती की नाही, कोण जाणे.

ज्यांनी आशेने शेअर घेतले, त्यांच्या पदरात मात्र काय पडणार? कंपनीने २०११ अखेरीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. खटल्याचा खर्च न्यूयॉर्कच्या एका फंडाने उचलला, तोही भरपाईत वाटा ठरवून. मग धनको. सामान्य भागधारक रांगेत सगळ्यांत शेवटी. शिवाय व्हेनेझुएलाचे सरकार स्वखुशीने पैसे देईना, म्हणून वसुलीसाठी अमेरिकेतील डेलावेअरच्या न्यायालयात धाव घ्यावी लागली. तिथे हाती लागले ते सिटगो या व्हेनेझुएलाच्या मालकीच्या अमेरिकी तेलशुद्धीकरण कंपनीच्या पालक कंपनीचे शेअर. ते विकून धनकोंची देणी भागवायची, असे ठरले.

मात्र ती विक्री पुरी व्हायला अमेरिकी अर्थखात्याचा परवाना लागतो.