आपल्याला काय येते, हे आपल्याला कळते का?

पेपर देऊन वर्गाबाहेर पडता पडता तुम्ही मनाशी गुणांचा अंदाज बांधताच. कोणी ‘साठ तरी कुठे गेले नाहीत’ म्हणतो आणि त्याला पंचेचाळीस पडतात. कोणी रडवेल्या चेहऱ्याने घरी जाते आणि वर्गात पहिली येते. उत्तर येणे ही एक गोष्ट; ते आपल्याला येते की नाही हे कळणे ही अगदी वेगळी. या दुसऱ्या गोष्टीला मानसशास्त्रज्ञ ‘मेटाकॉग्निशन’ म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७०नंतरच्या दशकात हा शब्द रूढ केला. आपण त्याला ‘आपल्या विचारांवर आपणच ठेवलेली नजर’ म्हणू या.

शाळेत हा अंदाज चुकला तर फार तर घरी बोलणी बसतात. पण उद्या तुम्ही डॉक्टर झालात तर? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ११८ डॉक्टरांना रुग्णांची लेखी माहिती देऊन रोगनिदान करावयास सांगितले होते. सोप्या रुग्णांच्या बाबतीत सुमारे ५५ टक्के निदाने बरोबर आली, अवघड रुग्णांच्या बाबतीत अवघी ६ टक्के! आता गंमत पाहा. (गंमत कसली म्हणा!) ‘तुम्हाला तुमच्या निदानाची किती खात्री वाटते?’ या प्रश्नाला ० ते १० पैकी आकडा द्यावयाचा होता. सोप्या रुग्णांसाठी सरासरी ७.२ आली आणि अवघड रुग्णांसाठी ६.४. अचूकपणा पार कोसळला, खात्री जेमतेम हलली. ज्याला शंकाच येत नाही तो दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला कशाला घेईल?

तुम्ही म्हणाल, हा स्वभावाचा दोष असेल. स्वभावाचा संबंध आहे हे खरे. नेटाने, शिस्तीने काम करणारे विद्यार्थी आपल्या अभ्यासावर अधिक लक्ष ठेवतात, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतून दिसते. बेल्जियममध्ये १९९७ साली वैद्यकीय शिक्षण सुरू केलेल्या ६००हून अधिक विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला, तेव्हा या शिस्तीचे महत्त्व वर्षागणिक वाढत गेलेले आढळले. मग प्रवेशाच्या वेळीच स्वभाव तपासून का घेऊ नये?

माझ्या मते, मुळीच घेऊ नये. कारण ही मोजमापे कशी होतात ते पाहा. विचारांवरची नजर मोजण्यासाठी १९९४ साली तयार झालेली ५२ विधानांची एक प्रश्नावली फार वापरली जाते. विद्यार्थी स्वतःच स्वतःबद्दल खुणा करतो. स्वभावाची प्रश्नावलीही बहुधा तोच भरतो. दोन्हीकडे खूण करणारा हात एकच! स्वतःवर खूष असलेला मुलगा दोन्ही कागदांवर चांगलाच दिसणार. तेव्हा दोन्हींचे आकडे जुळले, तर त्यात नवल किती मानायचे?

शिवाय, स्वभाव आपण आजही नकळत तपासतोच आहोत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा, कोरे सोडल्यास शून्य. डोळे मिटून चार उत्तरे ठोकली तर साधारणपणे एक बरोबर येईल: ४ उणे ३, म्हणजे १ गुण पदरात. एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढे जरी कळले, तरी अशा तीन प्रश्नांमागे सरासरी २ गुण मिळतात. म्हणजे धीट मुलाचा फायदा, आणि थोडेफार येत असूनही जागा कोरी सोडणाऱ्या धास्तावलेल्या मुलीचा तोटा! ज्या सवयीला येथे गुण मिळतात, तीच रुग्णाच्या खाटेपाशी घातक ठरते. तेथे ‘मला नक्की ठाऊक नाही, वरिष्ठांना विचारतो’ हेच पुष्कळदा योग्य उत्तर असते, आणि त्यासाठी प्रश्नपत्रिकेत चौकोन नाही.

स्वभाव सहजी बदलत नाही; पण अंदाज तपासण्याची सवय लावता येते. वैद्यकीय महाविद्यालयांनी पहिल्या वर्षापासून प्रत्येक उत्तराशेजारी खात्रीचा आकडा लिहून घ्यावा आणि वर्षअखेरीस विद्यार्थ्याला त्याचा हिशेब दाखवावा, असे मला वाटते. त्याला गुण देऊ नयेत. दिले की मुले तेही पाठ करतील!

तुम्हाला तर तोवर थांबण्याचेही कारण नाही. गणिताच्या वहीत प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने ० ते १० पैकी एक आकडा लिहा. महिनाभराने मोजा: ज्यांच्यापुढे ९ लिहिले होते, त्यांतली दहापैकी नऊ बरोबर निघाली का? की सहाच? आणि ५ लिहिलेल्यांपैकी आठ निघाली, तर तुम्ही उगाच घाबरत होतात. आकडा मात्र पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरे पाहण्याआधी लिहायचा, बरे का! नंतर लिहिला की सगळेच नऊ होतात.